परिस्थिती पाहायला साहेब येणार

कंपनीचा तडजोडीचा प्रस्ताव संध्याकाळी सहापर्यंतच जिवंत राहणार होता. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि घरात वाद रंगला होता, पण तो प्रस्ताव स्वीकारायचा की नाही यावर नव्हे. गरीब दिसायचे कसे, यावर.

“एक साधा शर्ट मिळत नाही या दुकानात?” दादा हँगरच्या रांगांमधून ओरडला. “मळका नकोय मला. साधा हवाय. कॉलर झिजलेला.”

“झिजलेली कॉलर घेऊन लॉन्ड्रीत कोण येतं, दादा?” ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होती. “ज्याची कॉलर झिजते तो घरी धुतो.”

एवढी गोष्ट पटायला दादाला चारही रांगा पालथ्या घालाव्या लागल्या. वकिलांचे डगले होते, डॉक्टरांचे कोट होते, नाटक कंपनीचा जरीकाम केलेला एक लांब झगा होता, एका बाईंचे एकाच रंगाचे सात रेशमी पोशाख होते. तीन पिढ्यांच्या या दुकानात गरिबीचा एक सदरा सापडत नव्हता.

“तुझे स्वतःचे कपडे घाल की,” ताई म्हणाली.

दादाने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने त्याला उघड्याने बसायला सांगितले. एका अर्थी तिने तेच सांगितले होते. दादाच्या मालकीचे म्हणावेत असे कपडे म्हणजे तीन बनियन, दोन पायजमे आणि एक स्वेटर. बाकी आयुष्य त्याने गिऱ्हाइकांच्या कपड्यांत काढले होते.

याला घरात ‘तपासणी’ म्हणत. प्रथा आजोबांची. इस्त्री नीट बसली की नाही, हे कपडा अंगात घातल्याशिवाय कळत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. बाहेर लग्न असेल, कोणाच्या घरी भेटीला जायचे असेल, शाळेत बक्षीस समारंभ असेल, तर त्या दिवशी तपासणी जरा कडक होई. घरच्या अल्बममध्ये असा एकही फोटो नव्हता ज्यातला कोट घरचा होता. दादा स्वतःच्या लग्नात एका हाडांच्या डॉक्टरांचा सूट घालून उभा राहिला होता. डॉक्टर पाहुण्यांत होते. त्यांनी सूटचे कापड बोटांनी चाचपून पाहिले आणि “अगदी माझ्यासारखाच आहे” म्हणून मनापासून कौतुक केले. सोमवारी सूट त्यांना परत गेला, धुलाईच्या पूर्ण बिलासह.

अशा माणसांना कंपनीचे पत्र आले होते. थकबाकी चौसष्ट लाख. एकरकमी बावीस लाख भरल्यास उरलेले माफ. पैशांना महिन्याची मुदत, पण कर्जदार आणि सर्व जामीनदारांची संमती आजच्या तारखेपर्यंत हवी, आणि त्यासाठी ‘अधिकारी प्रत्यक्ष भेट देतील’. हे शेवटचे वाक्य दादाने तीनदा वाचले आणि त्यातून स्वतःच अर्थ काढला, की साहेब परिस्थिती पाहायला येणार. परिस्थिती चांगली दिसली तर माफी मागे घेणार.

“आपण रडवेले दिसलो पाहिजे,” त्याने सकाळी जाहीर केले होते.

“त्यासाठी कपडे कशाला बदलायचे?” धाकटा भाऊ म्हणाला होता. तो मोबाइलच्या दुकानात विक्रेता होता आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. त्याच्या अंगात दुकानाने दिलेला टी-शर्ट होता, पाठीवर ‘जुना द्या, नवा घ्या’.

“तुझं बरं आहे,” दादा म्हणाला. “तुला काही करावं लागत नाही.”

शेवटी दादाला सापडला तो एका हॉटेलातल्या वेटरचा पांढरा बंद गळ्याचा कोट. त्याहून खालचे दुकानात काही नव्हते. वहिनीच्या वाट्याला इस्पितळातल्या मदतनीस बाईचा निळा झगा आला. तो तिला खांद्यांत घट्ट होत होता, आणि ती त्याबद्दल दर पाच मिनिटांनी दादाला सांगत होती. आईने साफ नकार दिला. तिने एका निवृत्त न्यायाधीशांच्या पत्नीची पश्मिना शाल अंगाभोवती गुंडाळून घेतली.

“मी जामीनदार आहे,” ती म्हणाली. “भिकारी नाही.”

दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले गेले आणि सगळे काउंटरभोवती बसले. दादा गल्ल्यामागच्या खुर्चीत, आई त्याच्या उजव्या हाताला, वहिनी इस्त्रीच्या टेबलावर, धाकटा कपड्यांच्या गठ्ठ्यावर. ताई पायरीवरच राहिली. मागच्या अर्ध्या दुकानात ते धुलाईचे अवाढव्य मशीन उभे होते. त्याच्याकडे पाठ करूनच सगळे बसले होते, हे ताईच्या लक्षात आले.

मशीनची हकीगत घरात आता कोणी सांगत नसे. मोठ्या हॉटेलच्या चादरी मिळणार म्हणून दादाने कर्ज काढून ते मागवले. ते आत घ्यायला मागची भिंत पाडावी लागली. भिंत पुन्हा बांधून होईपर्यंत हॉटेलने स्वतःचे मशीन घेतले. तेव्हा दादा म्हणाला, आता आलेच आहे तर वापरू. पण त्या मशीनला एका वेळी इतके कपडे लागत की दुकानात आठवडाभर येणारे सगळे त्यात टाकले तरी ते अर्धे रिकामे फिरे. अर्धे रिकामे फिरले की वीज वाया जाते, म्हणून भरेपर्यंत थांबायचे. गिऱ्हाईक विचारी, “शर्ट कधी मिळेल?” दादा म्हणे, “मशीन भरलं की.” लोक दोनदा थांबले, तिसऱ्यांदा पलीकडच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत गेले. महिन्याचा हप्ता दुकानाच्या महिन्याच्या एकूण कमाईपेक्षा जास्त होता. हे पहिल्या महिन्यात जेवढे खरे होते तेवढेच शेवटच्या महिन्यात होते, पण मधल्या काळात घरात त्याला ‘सध्याची जरा ओढाताण’ असे नाव होते.

“माझं मत स्पष्ट आहे,” दादाने सुरुवात केली. “आपण सही करायची नाही.”

“मग हा वेटरचा कोट कशासाठी?” धाकट्याने विचारले.

“त्यांनी आकडा वाढवू नये म्हणून.”

“जो आकडा आपण घेणारच नाही तो?”

“तुला धंद्यातलं कळत नाही. तडजोड घेतली की नोंद होते. ‘तडजोडीने बंद.’ पूर्ण फेडलं असं नाही लिहीत. तो शिक्का एकदा बसला की पुढची कित्येक वर्षं आपल्याला कोणी कर्ज देणार नाही.”

“ही खात्री ते लेखी देत असतील,” ताई म्हणाली, “तर मी बावीसचे तेवीस द्यायला तयार आहे.”

धाकटा मोठ्याने हसला. आईने त्याच्याकडे पाहिले आणि तो गप्प झाला.

“तो काय म्हणतोय ते तरी ऐका,” आई म्हणाली. दादाच्या बाजूने बोलताना तिचा आवाज नेहमी असा थोडा दुखावलेला येई, जणू तिलाच कोणी काही बोलले. “तुमच्या वडिलांनी कोणाचे पैसे बुडवले नाहीत. आजोबांनी तर नाहीच.”

“आजोबांना कोणी दिले नव्हते, आई,” ताई म्हणाली.

“बसस्टँडजवळ नवं हॉटेल होतंय,” दादा पुढे म्हणाला. “सव्वाशे खोल्या. मालकाशी माझं बोलणं झालंय. मशीन आहेच आपल्याकडे. फक्त वाळवायचं मशीन घ्यावं लागेल.”

मग वहिनी टेबलावरून खाली उतरली. घट्ट झग्यात तिला ते दोन टप्प्यांत करावे लागले.

“अहो, आज सही नाही केली तर पुढे काय होतं, ते जरा सांगा ना सगळ्यांना. काल मला सांगितलं नाहीत, मी पत्रात वाचलं. लिलाव. दुकान, मागचं घर, वरची खोली. माझं स्वयंपाकघर कोणीतरी येऊन मोजून जाणार, आणि तुम्ही चादरी वाळवणार कुठे?”

“लिलावाला वेळ लागतो.”

“लिलाव लागला की वेळ कोणाला मिळतो, आपल्याला की त्यांना?” ती वळली. “वन्सं, मी तुमच्या बाजूने आहे. घ्या तडजोड.”

ताईने मान हलवली. वहिनी जेवढ्या वेगाने आपल्या बाजूला येते तितक्याच वेगाने परत जाते, हे तिला सोळा वर्षांच्या अनुभवाने माहीत होते. “बरं. मग बावीस उभे करायचे कुठून, ते बघू. मशीन. जुन्या यंत्रांचा व्यापारी नऊ म्हणतोय.”

“चाळीसचं मशीन नवाला?” दादा ओरडला.

“काढून न्यायचा आणि भिंत पाडायचा खर्च त्याचाच. मी विचारून ठेवलंय. राहिले तेरा. तुमची गाडी पाचला सहज जाईल.”

वहिनी परत इस्त्रीच्या टेबलावर जाऊन बसली.

“गाडीचं काय मध्येच?” ती म्हणाली. “गाडीचा शेवटचा हप्ता आत्ता कुठे फिटलाय. घरात एवढी एकच गोष्ट आहे जी खरंच आपली आहे. आणि मला तर यांचं म्हणणं थोडं पटायला लागलंय. नोंद खराब झाली की झालीच ती.”

“वा, वहिनी,” धाकटा म्हणाला. “फाटकापर्यंत पण नाही गेलात, परतलात.”

“तुम्ही बोलू नका, भाऊजी. तुमची सहीसुद्धा आहे त्या कागदावर.”

“मला सांगितलं होतं, पार्सल आलंय, सही कर.”

“पार्सलच आलं होतं,” दादा म्हणाला.

“नऊ टनांचं!”

“वजन तू विचारलं नाहीस.”

ताईने त्यांना थोडा वेळ भांडू दिले. तिला या घरातल्या भांडणांची चाल ठाऊक होती. ती लवकर तापत आणि कोणाचीतरी वस्तू समोर आली की एकदम सभ्य होत. म्हणून तिने पुढची वस्तू समोर ठेवली. “आईची ठेव. दोन लाख.”

धाकटा गठ्ठ्यावरून उठला. “थांब, थांब. ती ठेव मला दिलीय. म्हणजे द्यायची ठरलीय. मला नवी जागा घ्यायची आहे, डिपॉझिट भरायचंय. आई, तू म्हणाली होतीस ना?”

“म्हणाले होते,” आई म्हणाली.

“मला पण म्हणाली होतीस,” दादा म्हणाला. “वाळवायच्या मशीनसाठी.”

आईने शाल सारखी केली. “माझे दोन मुलगे आहेत. मी दोघांनाही म्हणाले.”

“आणि मुलगी?” ताईने विचारले.

“तुझ्याकडे खोली आहे की.”

आई सहज बोलून गेली. पण ते वाक्य खाली पडायच्या आत तिघांनी झेलले, आणि ताईला दिसले की आता भांडण संपले आहे. दादा पुढे झुकला. वहिनीचा चेहरा मऊ झाला. धाकटा गठ्ठ्यावर परत बसला, पण ताईकडे न पाहता.

“खरं म्हणजे,” दादा म्हणाला, “वरची खोली तशी रिकामीच असते.”

“दिवसभर मी असते तिथे.”

“तेच म्हणतोय. रात्री कोणी नसतं.”

“शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना केव्हापासून हवीय,” वहिनी म्हणाली. “त्यांना दुसरी खुर्ची टाकायचीय. भिंतीला भिंत लागून. आणि वन्सं, तुमचं काम काय, सुई-दोरा. कुठेही बसून होतं. इथे खाली, माझ्याशेजारी बसा. मलाही सोबत.”

“एकटीने वर बसून डोळे खराब करतेस,” आई म्हणाली.

धाकट्यानेही काहीतरी बोलायचे म्हणून म्हटले, “खाली पंखा पण मोठा आहे, ताई.”

या घरात सात वर्षांनी एकमत झाले होते. ताईने ते बारकाईने पाहून घेतले, कारण पुन्हा कधी पाहायला मिळेल याची खात्री नव्हती.

ती सासरहून परत आली त्या वर्षी आजोबांनी ती खोली तिच्या नावावर केली होती. खोली म्हणजे दहा बाय बारा, एक लांब टेबल आणि एक उत्तरेची खिडकी. रफूला ऊन चालत नाही. उन्हात दोऱ्याचा रंग खोटा बोलतो. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर एकसारखा शांत उजेड येतो, त्यात कोटाच्या आतल्या शिवणीतून उपसलेला धागा आणि बाहेरचे कापड एकमेकांना ओळखतात. जळलेल्या बाहीवर सिगारेटएवढे भोक असेल तर दोन तास, कसर लागली असेल तर सगळा दिवस. शहरातल्या दुसऱ्या लॉन्ड्र्यासुद्धा तिच्याकडे काम पाठवत. गेल्या वर्षी दुकान चालले ते मशीनवर नव्हे, त्या खिडकीवर. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, म्हणूनच तिचा उच्चार कोणी करत नसे.

तारणाच्या कागदावर तिने सही केली होती, कारण दादा रडला होता. तो त्याआधी रडल्याचे तिने पाहिले नव्हते. नंतर तिला कळले की वहिनीपुढे, आईपुढे आणि कंपनीच्या शाखेतही त्याच आठवड्यात तो तेवढाच रडला होता.

“किती देतील डॉक्टर?” दादाने विचारले.

ताईने उत्तर द्यायच्या आत शटरवर टकटक झाली.

साहेब वाकून आत आले. पन्नाशीचे, किडकिडीत, खांद्याला बॅग, हातात स्वतःची पाण्याची बाटली. थकबाकीदारांच्या घरचे पाणी ते पीत नसावेत. त्यांनी नजर टाकली ती पहिल्यांदा पांढऱ्या कोटावर गेली. खिशावर पितळी बिल्ला होता आणि त्यावर हॉटेलचे नाव.

“मालक आहेत का आत?” त्यांनी दादाला विचारले. “आणि जमलं तर एक चहा.”

धाकट्याला खोकला आला.

“मीच मालक,” दादा म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “अरे! तुम्ही होय. शाखेत आला होता तेव्हा करड्या सुटात होता, म्हणून ओळखलं नाही. हॉटेलात लागलात? बरं केलंत. मनापासून सांगतो, बरं केलंत. कष्टाची लाज कसली? असे थकबाकीदार हल्ली भेटत नाहीत.”

दादाचा चेहरा कपाळापासून खाली लाल होत गेला. सकाळपासून रडवेले दिसण्याची त्याने इतकी तयारी केली होती, आणि आता साधल्यावर ते त्याला सहन होत नव्हते.

“हा कोट माझा नाही,” तो म्हणाला.

“मग कोणाचा?”

दुकानात साठेक गिऱ्हाइकांचे कपडे होते आणि त्यातले काही या क्षणी माणसांच्या अंगावर होते.

“तपासणी चालू आहे,” ताई म्हणाली. “बसा, साहेब.”

साहेब बसले. दादा मात्र उभा राहिला. “तुम्ही परिस्थिती पाहायला आलात ना? मग नीट पाहा. बाहेर गाडी उभी आहे, ती आमची. सुटांचं म्हणाल तर माझ्याकडे… माझ्या वापरात शंभर सूट आहेत. आम्हाला कोणाच्या दयेची गरज नाही.”

“अहो!” वहिनी म्हणाली.

“परिस्थिती पाहायला?” साहेब बॅगेतून कागद काढत होते. “परिस्थिती आम्हाला तुमच्या आधी कळते. मी सह्या घ्यायला आलोय. पाच सह्या एका जागी मिळत नाहीत, कोणी ना कोणी बाहेरगावी असतो, म्हणून भेट द्यायची. आकडा मुख्य कार्यालयात ठरलाय. तुम्ही राजवाड्यात राहत असलात तरी बावीस, आणि पुलाखाली राहत असलात तरी बावीस.”

वहिनीने खांद्यांत काचणाऱ्या झग्याचे वरचे बटण काढले आणि नवऱ्याकडे एक लांबलचक नजर टाकली.

दादा मात्र सावरला. घासाघीस हा त्याचा आवडता प्रांत होता. “बावीसच का पण? अठरा करा. आत्ता सही देतो.”

साहेबांनी कागद परत बॅगेत घातले. रागाने नव्हे, सवयीने. “अठराचा अर्ज वेगळा करावा लागेल. तो वर जाईल, महिन्या-दीड महिन्यात उत्तर येईल. तोवर हा प्रस्ताव आज सहाला संपेल आणि फाइल लिलावाकडे जाईल. लिहून देऊ का अर्ज?”

“सतरापासून सुरू करायला हवं होतं,” दादा धाकट्याच्या कानात म्हणाला.

ताई पायरीवरून उठली.

“साहेब, कागद काढा. आम्ही बावीस भरणार आहोत. पण सह्या व्हायच्या आधी दोन मिनिटं घरचं बोलायचंय, आणि ते तुमच्यासमोरच बोलायचंय. तुम्ही गेलात की या घरात बोललेलं बदलतं.”

“ताई, घरातल्या गोष्टी बाहेरच्या माणसासमोर—” आई म्हणाली.

“चौसष्ट लाख झाले, आई. ते आता घरातलेच.”

साहेबांनी यावर मान खाली घातली, पण ताईला वाटले ते हसले.

“डॉक्टरांशी मी सकाळी बोलले,” ती म्हणाली. “खोलीचे सहा. पैसे ते परस्पर कंपनीच्या नावाने भरणार. सहापेक्षा जास्तीची आहे, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण आपल्याला घाई आहे हे त्यांना समोरून दिसतं, शटर अर्ध्यावर असलं तरी.”

“सकाळी?” धाकटा म्हणाला. “म्हणजे आम्ही मघापासून…”

“हो. तुम्ही मघापासून माझी खोली विकत होतात, ती मी तुमच्या आधी विकलीय. फक्त बघायचं होतं, तुम्ही तिच्यापर्यंत किती वेळात पोचता. आता ऐका. खोली शेवटी जाणार. आधी मशीनची विसारपावती. मग गाडी. मग ठेव. सोळा माझ्या डोळ्यांसमोर जमले की सतराव्या लाखापासून माझी खोली. त्याआधी डॉक्टर वर खुर्ची टाकणार नाहीत, मी त्यांना तसं सांगितलंय.”

“आणि आम्ही नाही म्हटलं तर?” दादाने विचारले.

“तर मी सही करत नाही. लिलावात खोली जायचीच असेल तर ती दुकानाबरोबर जाईल. माझं दोन्हीकडे तेवढंच जातं, दादा. तुमचं फक्त एकीकडे वाचतं.”

तिने जिन्याचा कठडा धरला. वर खिडकी होती आणि या वेळी तिथला उजेड सर्वांत चांगला असे.

पहिली हलली ती वहिनी. तिने पर्स उघडली, गाडीची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. मग पुन्हा उचलून तिला लावलेली छोटी चांदीची माळ सोडवून घेतली आणि नुसती किल्ली ठेवली. “वन्सं, मी पहिल्यापासून तुमच्याच बाजूने होते,” ती म्हणाली, आणि बहुधा तिला ते खरेही वाटत होते.

“ठेव मोड, आई,” धाकटा म्हणाला. “मी आहे तिथेच राहतो. तसंही तिथला मालक मला काढत नाही, त्याला मोबाइल स्वस्तात लागतो.”

“आणखी एक,” ताई म्हणाली. “उद्यापासून काउंटरवर मी. गल्ला, हिशेब, गिऱ्हाईक, सगळं. खाली उजेड नाही, म्हणून मी काउंटर पुढे रस्त्याच्या बाजूला घेणार. रफू तिथेच बसून करीन. आणि तपासणी बंद.”

हे शेवटचे वाक्य घरात कर्जापेक्षा जड पडले. आईचा हात शालीवर गेला.

“आजोबांची प्रथा आहे ती,” दादा म्हणाला.

“मशीन पण आजोबांचं होतं का?”

साहेबांनी कागद काउंटरवर पसरले. आधी ताईने सही केली, मग धाकट्याने, या वेळी प्रत्येक पान वाचून. वहिनीने केली. आईने पेन हातात घेतले, दादाकडे पाहिले, आणि सही केली. दादाने सर्वांत शेवटी, सर्वांत मोठी.

“एक रकाना राहिला,” साहेब म्हणाले. “कर्ज न फेडता येण्याचं कारण. कर्जदाराच्या शब्दांत. थोडक्यात लिहा, ओळ एकच आहे.”

“जागतिक मंदी,” दादा ताबडतोब म्हणाला.

“माणसांवर विश्वास ठेवला, हे लिहा,” आई म्हणाली. “हॉटेलवाल्यांनी फसवलं.”

“आम्हाला विचारलं नाही,” वहिनी म्हणाली.

“दादा,” धाकटा म्हणाला.

“काय?”

“कारण सांगतोय.”

साहेबांनी ताईकडे पाहिले.

“लिहा, परवडत नव्हतं,” ती म्हणाली.

“इतकंच?”

“घेतलं त्या दिवसापासून नव्हतं.”

साहेबांनी लिहिले. ओळीत बरीच जागा उरली. दादाने वाकून ते वाचले, आणि दुकानात कोणीच त्याच्याकडे पाहत नाही हे त्याला दिसले. ही तीन वर्षे या दुकानात सगळे बोलले होते, तेवढे एक वाक्य मात्र कोणी बोलले नव्हते.

साहेब कागद गोळा करून, आपल्या बाटलीतले पाणी पिऊन, वाकून शटरबाहेर गेले. दादा पुन्हा गल्ल्यामागे जाऊन खुर्चीत बसला, सवयीने, आणि पावतीपुस्तक जवळ ओढले.

“दादा,” ताई म्हणाली. “ऊठ.”

“उद्यापासून म्हणालीस ना?”

“आजची दोन गिऱ्हाइकं अजून यायची आहेत.”

तो हसला. वहिनीकडे पाहून हसला, धाकट्याकडे पाहून हसला, मग आईकडे वळला. आजवर प्रत्येक वादात तो शेवटी तिकडेच वळत आला होता, आणि आई दर वेळी दुखावलेल्या आवाजात त्याच्या बाजूने बोलत आली होती.

आईने अंगावरची शाल काढली. काळजीपूर्वक, घडीवर घडी घालत, कडा जुळवत. घडी काउंटरवर ठेवली.

“ऊठ रे,” ती म्हणाली. “तिला बसू दे.”

दादा उठला. खुर्ची अजून गरम होती. ताईने ती गार व्हायची वाट पाहिली नाही.